पोर्ट म्हणजे बंदर, मग बोटीची डावी बाजू कशी?

खाडीपार (दापोली)

बोटीवरच्या पोरांना तांडेल-सारंगाच्या परीक्षेसाठी इंग्रजी नियम मराठीत समजतील असे करून द्यायचे आहेत. एका जुन्या टिपणात 'पोर्ट साइडलाइट'चं भाषांतर 'बंदराच्या बाजूचा दिवा' असं केलेलं सापडलं. म्हणजे हर्णैत शिरताना दिवा धक्क्याकडे वळवायचा की काय! चूक कळते, इथे पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू. पण पोरं तेवढ्यावर थांबत नाहीत. जयगडला पोर्ट आहे तो कुठला? सिम पोर्ट करतात तो? मोबाइलचा चार्जिंग पोर्ट? गोव्याहून येते ती पोर्ट? हे एकाच शब्दाचे अर्थ, की दिसायला सारखे वेगळे शब्द? आणि मराठीत 'पोर्ट' ठेवावं की सरळ 'डावी' लिहावं? सविस्तर सांगा, पुढे मलाच समजवायचंय.

शब्दखोर

वेगळे शब्द आहेत, पण एकाच घराण्यातले. लॅटिनमध्ये तिघं शेजारी शेजारी राहतात: पोर्तुस म्हणजे बंदर, पोर्ता म्हणजे दरवाजा किंवा वेस, आणि पोर्तारे म्हणजे वाहून नेणे. इंग्रजीत येता येता तिघांच्याही शेपट्या गळाल्या आणि 'पोर्ट' तेवढं उरलं.

जयगडचा पोर्ट पोर्तुसच्या घरातला. हा शब्द फ्रेंचांची वाट न बघता थेट लॅटिनमधून जुन्या इंग्रजीत आला. त्याच्या जोडीला जो 'हार्बर' येतो, त्याचा मूळ अर्थ सैन्याचा निवारा. फरक अजूनही शिल्लक आहे. हार्बर म्हणजे वाऱ्या-लाटांपासून आडोसा, तो निसर्गानेही दिलेला असतो. पोर्ट म्हणायला मालाची चढउतार, धक्का, जकात हे सगळं लागतं. वाघोटनच्या खाडीमुळे विजयदुर्गला हार्बर आपोआप मिळालं, पोर्ट माणसांनी केलं. आपल्याकडे दोन्हीला 'बंदर' म्हणून मोकळे होतात, आणि तो शब्दही बाहेरचाच, फारसीतला. हिंदीतल्या माकडाशी त्याचा संबंध नाही, ते 'वानर'चं रूप.

मोबाइलचा चार्जिंग पोर्ट पोर्ताच्या घरातला, म्हणजे भोक किंवा दार. जहाजाच्या कुशीला तोफांसाठी झापांची दारं कापत, ती गनपोर्ट. केबिनची गोल खिडकी पोर्टहोल. इंजिनाच्या सिलिंडरमधली हवा-धुराची तोंडं, तीही पोर्टच. बंगल्याचा पोर्च आणि वेबसाइटचं पोर्टल याच वेशीतून आलेली.

सिम पोर्ट करणं पोर्तारेकडून. नंबर उचलून दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा. स्टेशनवरचा पोर्टर, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट सगळे याचेच. यादीतला सर्वांत अनपेक्षित सभासद म्हणजे स्पोर्ट. जुन्या फ्रेंचमध्ये 'देस्पोर्ते' म्हणजे मन दुसरीकडे वाहून नेणे, विरंगुळा. त्याचं डोकं उडालं आणि स्पोर्ट उरलं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर शाळेच्या दप्तरालाच पोर्ट म्हणतात, 'पोर्टमँटो' या पेटीचं ते अर्धं नाव.

पोर्ट्रेट आणि पोर्शन मात्र या यादीत घालू नका. दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

दारू हा चौथा प्रकार, तो गावाच्या नावावरून. पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या मुखावर पोर्तो शहर आहे, तिथून ती जहाजात चढे. पोर्तुगाल हे देशाचं नावही तिथल्याच 'पोर्तुस काले' या जुन्या ठिकाणावरून पडलेलं. म्हणजे आपल्या कोर्लई-रेवदंड्याच्या फिरंग्यांच्या नावातही बंदर बसलेलं आहे.

डाव्या बाजूचं कोडं बोटीवरच्या माणसाने सोडवावं.

नाळेवरून (मिरकरवाडा)

सोडवतो, पण सुरुवात उजवीकडून करावी लागेल.

उत्तर युरोपातल्या जुन्या बोटींना आजच्यासारखं मागे मधोमध सुकाणू नव्हतं. एक रुंद वल्हं मागच्या उजव्या कुशीला बांधत आणि त्याने बोट वळवत. बहुतेक माणसं उजव्या हाताची, म्हणून ते उजवीकडे. जुन्या इंग्रजीत 'स्तेओर' म्हणजे सुकाणू, 'बोर्द' म्हणजे जहाजाची बाजू. त्याचं झालं स्टारबोर्ड. ताऱ्यांशी काही देणंघेणं नाही, वर्गात हे पहिल्यांदा सांगा.

आता ही बोट धक्क्याला कशी लावाल? सुकाणूची बाजू लावलीत तर वल्हं धक्क्यात आणि बोटीत चेचलं जाईल. म्हणून डावी कूस धक्क्याला. माल तिथूनच चढायचा, म्हणून त्या बाजूला इंग्रजीत पूर्वी 'लारबोर्ड' म्हणत, बहुधा 'लादण्याची बाजू' या अर्थी. जर्मन आणि डच लोक 'पाठीची बाजू' म्हणतात, कारण वल्हं धरून उभ्या माणसाची पाठ तिकडे यायची.

घोळ झाला तो आवाजाचा. स्टारबोर्ड, लारबोर्ड. वारं सुटलंय, शीड फडफडतंय आणि कोणी ओरडलं तर शेवटचं 'आरबोर्ड' तेवढं ऐकू येणार. म्हणून डावीसाठी 'पोर्ट' हा शब्द सोळाव्या शतकापासूनच तोंडात होता. ब्रिटिश आरमाराने १८४४ मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं, अमेरिकी आरमाराने १८४६ मध्ये.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. नुसतं 'डावी' लिहू नका. डावी-उजवी माणसाची असते, पोर्ट-स्टारबोर्ड बोटीची. जाळं ओढताना निम्मी माणसं मागे तोंड करून उभी असतात. त्यांची डावी म्हणजे बोटीची उजवी. 'डावीकडे माणूस पडला' असं ओरडलात तर दोघं एकीकडे धावतील आणि दोघं दुसरीकडे. पोर्ट मात्र तोंड कुठेही असलं तरी हलत नाही.

दिव्यांचं गणितही लिहून ठेवा. पोर्टला लाल, स्टारबोर्डला हिरवा. प्रत्येक दिवा नाकासमोरून सुरू होऊन बाजूच्या काटकोनाच्या मागे २२.५ अंशांपर्यंत, एकूण ११२.५ अंश दिसला पाहिजे. डोलकाठीचा पांढरा २२५, मागचा पांढरा १३५. बेरीज केली की पूर्ण वर्तुळ होतं. बोट १२ मीटरपेक्षा लहान असेल तर बाजूचे दिवे निदान १ सागरी मैलावरून दिसावेत, १२ ते ५० मीटरला २ मैल. २० मीटरपेक्षा लहान बोटीला लाल-हिरवा एकाच कंदिलात मधोमध चालतो.

चुका कुठे होतात? रंगकामानंतर काचा उलट बसवतात, ही पहिली. आतल्या बाजूचा पडदा काढून टाकतात, मग पोर्टचा लाल स्टारबोर्डकडूनही दिसतो आणि समोरच्याला तुम्ही कुठे चाललात ते कळेनासं होतं. लाल काचेत पांढरा एलईडी बल्ब घालतात, त्यात तांबडा प्रकाश कमी असल्यामुळे बाहेर फिकट गुलाबी येतो. डेकवरचे कामाचे पांढरे दिवे इतके भगभगीत की दोन्ही रंग बुडून जातात. आणि जाळ्याचे ढीग थेट दिव्याच्या तोंडासमोर.

रंग कशासाठी, तर वाट कोणी द्यायची हे एका नजरेत कळावं म्हणून. रात्री तुमच्या उजव्या हाताला दुसऱ्या इंजिनबोटीचा लाल दिसला, म्हणजे तिची पोर्ट बाजू तुमच्याकडे आहे आणि ती तुमची वाट आडवी कापतेय. वाट तुम्ही द्यायची. डाव्या हाताला हिरवा दिसला तर देणं तिचं, तुम्ही तुमची दिशा आणि वेग धरून ठेवायचा, पण डोळा तिच्यावर. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती नाकासमोरून येतेय. दोघांनीही स्टारबोर्डला वळायचं, म्हणजे पोर्टला पोर्ट घासून, अर्थात सुरक्षित अंतराने, निघून जाता. भोंगा एक छोटा, साधारण १ सेकंद, म्हणजे स्टारबोर्डला वळतोय. दोन छोटे म्हणजे पोर्टला.

इथे पोरं हमखास फसतात ती जागा वेगळी. जाळं पाण्यात असलेल्या बोटीला चहूबाजूंनी दिसणारे दोन दिवे असतात: ट्रॉलिंग, म्हणजे जाळं मागे ओढत नेणं, चालू असेल तर वर हिरवा, खाली पांढरा. इतर जाळी असतील तर वर लाल, खाली पांढरा. अशा इतर जाळ्यांतल्या गिलनेटवाल्याचा तो वरचा लाल म्हणजे पोर्ट नव्हे. उभ्या रांगेत पांढऱ्याच्या डोक्यावर लाल आहे का, हे आधी बघायला शिकवा. तशी बोट दिसली तर तिला मोकळी जागा सोडायची, इंजिनावर चालणाऱ्या रिकाम्या बोटीपेक्षा तिचा मान मोठा.

शब्दखोर

एक टाचण. डाव्या बाजूला 'पोर्ट' का, यावर दोन मतं आहेत. बंदराकडची बाजू म्हणून पोर्तुसवरून, किंवा माल आत घ्यायचं दार त्या कुशीला म्हणून पोर्तावरून. वजन पहिल्याकडे जास्त टाकलं जातं. माल दोन्ही कथांत डावीकडूनच चढतो.

उंडीचं तेल

एवढा सगळा लिवलास ता बरा, पण पोरांका ११२.५ सांगान काय उपेग? लाल-लेफ्ट. दोनय 'ल'. पोर्ट म्हणजे लेफ्ट आणि लाल, इतक्याच ध्यानात ठेवूक सांगा. हिरवो आपोआप दुसऱ्या बाजूक जाता.

खाडीपार (दापोली)

लाल-लेफ्ट झकास, उद्याच फळ्यावर जातंय.

दोन शंका. पोर्ट म्हणजे धक्क्याकडची बाजू, पण आता सुकाणू मधोमध आहे. मग आपल्या बोटी कोणत्याही बाजूने लागतात ना? आणि पाण्यातल्या लाल-हिरव्या बोयांचं काय?

नाळेवरून (मिरकरवाडा)

लागतात कोणत्याही. पण गंमत बघा, एक पंखा (प्रोपेलर) असलेल्या बोटीला पोर्ट बाजूच सोपी जाते आणि त्याचं कारण जुन्या वल्ह्यात नाही, पंख्यात आहे. मागून पाहिलं की पुढे जाताना पंखा उजवीकडे, घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, असे पंखे जास्त. रिव्हर्स टाकला की तो उलटा फिरतो आणि बोटीची पिछाडी पोर्टकडे ओढली जाते. म्हणून धक्का पोर्टला ठेवायचा, साधारण १५-२० अंशांच्या तिरप्या रोखाने हळू यायचं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जवळ आली की रिव्हर्सचा एक झटका. बोट थांबतेही आणि पिछाडी आपसूक धक्क्याला येऊन टेकते. स्टारबोर्डला लावायला गेलात तर त्याच झटक्याने पिछाडी बाहेर पळते. तिथे रोख आणखी सपाट ठेवावा लागतो आणि पुढची दोरी लवकर द्यावी लागते. पंखा डाव्या फिरण्याचा असेल तर हे सगळं उलटं. नवीन बोट हाती आली की मोकळ्या पाण्यात रिव्हर्स टाकून पिछाडी कुठे जाते ते आधी बघायचं.

बोयांचा नियम भारतात असा: समुद्रातून आत येताना लाल पोर्टला, हिरवा स्टारबोर्डला. लाल बोया डब्यासारखा चपट्या डोक्याचा, हिरवा शंकूसारखा टोकदार, म्हणजे उन्हात रंग उडाला तरी आकार बोलतो. बाहेर जाताना अर्थातच उलट. अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स इकडे रंगच उलटे आहेत. मर्चंट नेव्हीत जायचं स्वप्न बघणाऱ्यांना हे आत्ताच सांगून ठेवा. आणि आपल्या छोट्या खाड्यांच्या मुखावर नुसत्या बोयावर विसंबू नये. पावसाळ्यात वाळूचा दांडा सरकतो, बोया जागेवर असला तरी खोल पाणी त्याच्या शेजारी असेलच असं नाही.

सुकाणूबद्दल एक. आउटबोर्डच्या, म्हणजे मागे बाहेर टांगलेल्या इंजिनाच्या, होडीत सुकाणूचा दांडा स्टारबोर्डला ढकलला की नाळ पोर्टला जाते. जुन्या जहाजांवर हुकूम दांड्याचा असे, नाळेचा नव्हे. १९१२ मध्ये टायटॅनिकवर 'हार्ड-अ-स्टारबोर्ड' हुकूम सुटला आणि जहाज पोर्टला वळलं, ते त्या काळच्या रीतीने बरोबरच होतं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ही रीत मोडून हुकूम नाळेच्या दिशेचा झाला. परीक्षेत उत्तर नव्या रीतीचं लिहायचं, होडीत हात जुन्या रीतीने चालवायचा.

डोंगराआड (गुहागर)

सिमवाला पोर्ट लोक रोज वापरतात आणि अडकतातही. डोंगराच्या या अंगाला एका कंपनीची रेंज, त्या अंगाला दुसरीची, त्यामुळे आमच्या भागात पोर्टला तोटा नाही. ही सोय देशभर २० जानेवारी २०११ ला सुरू झाली.

१९०० वर एसएमएस करायचा: इंग्रजीत पोर्ट हा शब्द, एक जागा सोडून आपला दहा अंकी नंबर. उत्तरात आठ अक्षर-अंकांचा कोड येतो. महाराष्ट्रात तो ४ दिवस चालतो, त्या मुदतीत नव्या कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जायचं. त्याच सर्कलमध्ये काम ३ कामाच्या दिवसांत होतं. कोड येतच नसेल तर कारणं ठरलेली: सध्याच्या कंपनीत ९० दिवस पूर्ण नाहीत, पोस्टपेडचं बिल थकलंय, किंवा सिम हरवून बदलून घेतल्याला ७ दिवस झालेले नाहीत. ही शेवटची अट जुलै २०२४ पासूनची, नंबर चोरून पोर्ट करणाऱ्यांना आळा म्हणून. मन बदललं तर अर्ज दिल्यापासून २४ तासांच्या आत १९०० वरच कॅन्सल पाठवता येतं. आणि आठ अक्षरांचा तो कोड फोनवर कोणालाही सांगू नका, तो म्हणजे नंबराच्या घराची किल्ली.

संगणकातल्या नेटवर्कचा पोर्ट हा आकडा असतो, भोक नव्हे. आयपी पत्ता म्हणजे चाळ, पोर्ट म्हणजे खोली क्रमांक. १६ बिट्समुळे ० ते ६५५३५ इतके क्रमांक. वेबसाइट ८० किंवा ४४३ वर भेटते.

तीन सिलिंडर

इंजिनाच्या पोर्टबद्दल वर एकच ओळ आली म्हणून लिहितो. टू-स्ट्रोक आउटबोर्डला बहुधा धुराचा व्हॉल्व्ह नसतो, सिलिंडरच्या भिंतीतलं भोक पिस्टनच उघडतो-मिटतो. पेट्रोलमध्ये ऑइल जास्त झालं की एक्झॉस्ट पोर्टवर काजळी साचते, इंजिन वर चढत नाही, धूर पांढरा-निळा येतो. अनेक पेट्रोल यंत्रांना प्रमाण ५०:१, म्हणजे १ लिटरला २० मिली. आपल्या यंत्राचं पुस्तकात बघा. 'जरा जास्त घातलं तर बरं' ही समजूतच पोर्ट चोक करते. खरवडताना पिस्टन पूर्ण खाली आणून भोक उघडं करा आणि लाकडी पट्टी वापरा, पोलादी हत्याराने भिंतीला चर पडतो.

फणसपोळी

पोर्टवरून 'पॉश' झाला म्हणतात ते राहिलंच की! इंग्लंडहून मुंबईला येताना पोर्ट बाजूची केबिन, परत जाताना स्टारबोर्डची. श्रीमंतांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम'ची चार इंग्रजी आद्याक्षरं छापायचे, त्याचा पॉश.

शब्दखोर

गोष्ट गोड आहे, खरी नाही. सावलीचं गणित बरोबर: पूर्वेकडे येताना पोर्ट बाजू उत्तरेला असते, तिथे ऊन कमी. पण पी अँड ओ कंपनीचं तसं छापील तिकीट आजवर कोणाला सापडलेलं नाही. आद्याक्षरांची ही कथाही शब्द रूढ झाल्यानंतरची. आद्याक्षरांतून जन्मलेला जुना शब्द कोणी सांगितला की आधी संशय घ्यावा.

त्यापेक्षा खरं आणि आपल्या जवळचं सांगतो. पोर्तुस, पोर्ता, पोर्तारे तिघांच्या मागे 'ओलांडणे, पलीकडे जाणे' या अर्थाचं एकच प्राचीन मूळ मानतात. संस्कृतमधला 'पार' त्याच मुळाचा, 'नदी पार करणे' मधला. खाडीपार हे तुमचं नाव त्यामुळे पोर्टच्या भावकीतलं झालं. इंग्रजी 'फेरी'ही त्यातलीच, मूळ अर्थ वाहून नेणे. दाभोळ-धोपावेची फेरीबोट मात्र आपण 'फेऱ्या मारते म्हणून फेरी' समजतो. मराठी फेरी 'फिरणे'वरून आली, इंग्रजीशी तिचं नातं नाही. दोघी एकाच जेट्टीवर भेटल्या, एवढंच.

आणि ऑपॉर्च्युनिटी. त्यातही पोर्तुस आहे. लॅटिन 'ओब पोर्तुम' म्हणजे बंदराकडे. बंदराकडे नेणारा वारा तो अनुकूल, म्हणून संधी. शिडाच्या होड्यांना हे शब्दकोशात बघावं लागत नव्हतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा, त्यावर बाहेर पडायचं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की त्यावर घरी यायचं. ऑपॉर्च्युनिटी म्हणजे मुळात दुपारचा खारा वारा.

खाडीपार (दापोली)

सगळ्यांचे आभार. टिपणातलं वाक्य असं बदलतोय: 'पोर्ट म्हणजे बोटीची डावी बाजू. पोर्टचा दिवा लाल असतो आणि तो नाकासमोरून ११२.५ अंश दिसतो.' चालेल?

नाळेवरून (मिरकरवाडा)

'नाळेकडे तोंड करून उभं राहिल्यावर डावी' असं करा. आणि 'नाकासमोरून' च्या पुढे 'पोर्टकडे' घाला, नाहीतर कोणीतरी ते ११२.५ दोन्हीकडे निम्मे निम्मे वाटून टाकेल.